रानाचा परवाना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, पॅसिफिक महासागराच्या काठी, कॅलिफोर्निया नावाचे विस्तीर्ण राज्य आहे. या राज्याच्या पूर्व भागात सिएरा नेवाडा ही उंच पर्वतरांग पसरलेली आहे. स्पॅनिश भाषेत या नावाचा अर्थ 'बर्फाच्छादित पर्वतरांग' असा होतो. याच पर्वताच्या कुशीत योसेमिटी हे जगद्विख्यात राष्ट्रीय उद्यान वसलेले आहे.

उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फुलझाडांचे ताटवे, आखीव रस्ते आणि बसावयाची बाके उभी राहतात. योसेमिटी हे तशा प्रकारचे उद्यान नव्हे. त्याचा विस्तार तीन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. त्यात हिमनद्यांनी कोरून काढलेली खोल दरी आहे. एल कॅपिटन नावाचा, दरीच्या तळापासून ९०० मीटरांहून उंच उठलेला ग्रॅनाइटचा अखंड कडा आहे. आणि तीन टप्प्यांत मिळून ७३९ मीटर खाली झेपावणारा योसेमिटीचा धबधबा आहे. मॅरिपोसा येथील राईत सेक्वोया जातीचे प्रचंड वृक्ष उभे आहेत. त्यांतील काही दोन-तीन हजार वर्षांपूर्वी रुजलेले असावेत, असे अभ्यासक सांगतात.

या दरीत पूर्वी अवानीची नावाचे लोक राहत असत. ओकच्या झाडांची फळे वेचावी, ती कुटून त्यांचे पीठ करावे, कुरणांतील वाढलेले गवत व झुडपे ठरावीक काळाने जाळून जमीन मोकळी राखावी, असा त्यांचा जीवनक्रम होता. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर तेथे गोऱ्या लोकांची रीघ लागली, आणि १८५१ साली त्यांच्या एका सशस्त्र तुकडीने या मूळ रहिवाशांना दरीतून हुसकावून लावले. ज्या भूमीला पुढे लोक निर्मनुष्य रान म्हणू लागले, ती मुळात निर्मनुष्य नव्हती, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. त्या लोकांचे वंशज आजही त्या परिसरात राहतात.

१८६४ साली अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी एका कायद्यावर सही करून योसेमिटीची दरी आणि मॅरिपोसाची राई सर्व लोकांच्या उपभोगासाठी राखून ठेवली. पुढे जॉन म्यूर या निसर्गाभ्यासकाने या भूमीची कीर्ती देशभर पसरविली. म्यूर मूळचा स्कॉटलंडचा. १८६९ साली तो मेंढ्यांच्या कळपाबरोबर या पर्वतात हिंडला, आणि मेंढ्यांच्या खुरांखाली डोंगरावरील कुरणे कशी उजाड होतात, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले. त्याच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांना यश येऊन १८९० साली योसेमिटी हे राष्ट्रीय उद्यान झाले. १९०३ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी म्यूरच्या संगतीत या रानात उघड्यावर तीन रात्री काढल्या.

त्या काळी रानाला भीती होती ती कुऱ्हाडीची आणि मेंढ्यांची. पुढे मात्र एक निराळेच संकट उभे राहिले. ते संकट म्हणजे रानावर प्रेम करणाऱ्या माणसांची गर्दी होय.

मोटारी आल्या, रस्ते सुधारले आणि प्रवास सोपा झाला. १९५४ साली योसेमिटीला येणाऱ्या प्रवाशांची वर्षाची संख्या प्रथमच दहा लाखांच्या वर गेली, तर २०१६ साली ती पन्नास लाखांवर पोहोचली. गर्दी कशी होत असे, याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. उन्हाळ्यात दररोज रात्री ग्लेशियर पॉइंट या उंच कड्यावरून धगधगते निखारे खाली लोटण्याची तेथे प्रथा होती. अंधारात तो जणू अग्नीचा धबधबाच भासे. तो पाहण्यासाठी शेकडो मोटारी दरीत दाटीवाटीने उभ्या राहत, आणि खालच्या कुरणांतील कोवळे गवत माणसांच्या पायांखाली तुडविले जाई. अखेर १९६८ साली हा देखावा कायमचा बंद करण्यात आला.

दरीत येणारे बहुतेक प्रवासी दिवसभर हिंडून संध्याकाळी परततात. परंतु काही जणांचे समाधान तेवढ्याने होत नाही. राहुटी, अंथरूण, शिधा आणि स्वयंपाकाची लहानशी शेगडी पाठीवरच्या पिशवीत भरून ते पायवाटेने पर्वतात शिरतात व एक, दोन, कधी आठ-दहा रात्रीही रानातच काढतात. योसेमिटीत अशा पायवाटांची एकूण लांबी सुमारे १,२०० किलोमीटर भरते.

१९६० नंतरच्या काळात या पायी प्रवासाची आवड अमेरिकेत झपाट्याने वाढली. त्याचे परिणाम रानात दिसू लागले. सरोवराकाठची जी जागा एकाला सुंदर वाटे, तीच दुसऱ्यालाही वाटे. प्रत्येकाने तेथे राहुटी ठोकल्यामुळे गवत मेले आणि माती दगडासारखी घट्ट झाली. जेथे तेथे चुलींचे काळे दगड पडले. सरपणासाठी वाळकी लाकडे वेचली गेल्यामुळे त्यांवर जगणाऱ्या किड्या-मुंग्यांचा आणि पाखरांचा आसरा गेला. उंच पर्वतावर उन्हाळा अवघा दोन-तीन महिन्यांचा असतो. त्यामुळे एका ऋतूत तुडविलेले कुरण पुन्हा हिरवे होण्यास कित्येक वर्षे लागतात. असे नुकसान एका माणसाच्या हातून झालेले नसते. म्हणूनच 'मी तर काहीच बिघडविले नाही' असे प्रत्येक जण खऱ्या मनाने म्हणू शकतो, आणि तरीही सरोवराचा काठ उजाड होतोच.

यावर उपाय काय? रान बंद करून टाकावे, असे काहींनी सुचविले असते. परंतु जे सर्व लोकांसाठी राखले, ते सर्वांनाच बंद करणे हा न्याय नव्हे. पक्के रस्ते, धर्मशाळा आणि दिवे यांची सोय करावी, तर रान हे रानच उरणार नाही. म्हणून उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी तिसरा मार्ग पत्करला. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी असा नियम केला की, ज्याला रानात रात्र काढावयाची असेल त्याने आधी परवाना घेतला पाहिजे, आणि परवाने मोजकेच दिले जातील. १९८४ साली कायद्याने या उद्यानाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग राखीव रान म्हणून जाहीर झाला. अशा भूमीत मनुष्य हा घरधनी नसून पाहुणा आहे, अशी या कायद्यामागची दृष्टी आहे.

आता परवाने किती द्यावयाचे, हे कसे ठरवावे? प्रत्येक सरोवराकाठी पहारा ठेवून माणसे मोजणे शक्य नव्हते. शिवाय रानातील वाटसरू ठरलेल्या बेताप्रमाणे नेमका कधीच चालत नाही, हेही अभ्यासकांच्या ध्यानात आले. पाय दुखले तर तो अलीकडेच थांबतो. जागा आवडली तर एक दिवस अधिक राहतो. तेव्हा त्यांनी एक साधी युक्ती योजली. त्यांनी सरोवराकाठी माणसे मोजण्याऐवजी पायवाटेच्या तोंडाशी मोजावयाचे ठरविले. अमुक वाटेने एका दिवसात इतकेच लोक आत जातील, असा प्रत्येक वाटेचा आकडा निश्चित करण्यात आला. आत शिरल्यावर माणसे आपोआप पांगतात. म्हणून तोंडाशी संख्या बेताची ठेवली, की आत कोठेही फार दाटी होत नाही. यात आणखी एक लाभ असा, की एकदा वाटेस लागल्यावर वाटसरूला बहुतेक ठिकाणी स्वतःच्या इच्छेप्रमाणे हिंडता येते. दारात थोडे बंधन आणि आत पुष्कळसे स्वातंत्र्य, असा हा सौदा आहे.

परवाना मिळविण्याची रीत समजून घेण्यासाठी आपण एक उदाहरण कल्पू. समजा, चार मित्रांना ऑगस्ट महिन्यात योसेमिटीच्या रानात तीन रात्री काढावयाच्या आहेत. एखाद्या वाटेचा दिवसाचा आकडा २५ आहे, असेही समजू. या २५ जागांपैकी ६० टक्के, म्हणजे १५ जागा, प्रवासाच्या तारखेपूर्वी २४ आठवडे सोडत काढून वाटल्या जातात. उरलेल्या ४० टक्के, म्हणजे १० जागा, तारखेपूर्वी ७ दिवस खुल्या होतात आणि जो प्रथम मागेल त्याला मिळतात. याचा अर्थ असा, की ऑगस्टमधील प्रवासाचा अर्ज आमच्या या मित्रांना फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास करावा लागेल. त्या वेळी पर्वतावर सर्वत्र बर्फ असते!

अर्ज संगणकावरून करता येतो. त्यात आत शिरण्याची तारीख, निवडलेली पायवाट, बाहेर पडण्याची जागा व तारीख आणि मंडळींची संख्या लिहावी लागते. पायवाटेने जाणाऱ्या एका तुकडीत पंधरांहून अधिक माणसे असून चालत नाही. शहाणा अर्जदार एकाच तारखेवर आणि एकाच वाटेवर अडून बसत नाही. पहिली वाट मिळाली नाही तर दुसरी, शनिवार मिळाला नाही तर मंगळवार, अशी पर्यायांची यादी तो देऊन ठेवतो. प्रसिद्ध वाटांसाठी अर्जांचा पाऊस पडतो, तर कमी गाजलेल्या वाटांवर पुष्कळदा जागा मोकळ्या राहतात. पर्वत तोच असतो, आकाशही तेच असते. परंतु नावाला भुलून माणसे एकाच वाटेकडे धाव घेतात.

सोडतीत नाव निघाले म्हणजे सारे झाले असे नव्हे. तुकडीच्या प्रमुखाने उद्यानातील कार्यालयात स्वतः जाऊन परवाना हाती घ्यावा लागतो. निघण्याच्या दिवशी सकाळच्या ठरावीक वेळेपर्यंत तो आला नाही, तर त्याची जागा दुसऱ्यास देता येते. म्हणून ज्याचा बेत रद्द झाला असेल त्याने तसे आधीच कळवावे, ही साधी माणुसकी होय. आपण न वापरलेली जागा अडवून ठेवली, तर कोणीतरी आशेने आलेला माणूस विन्मुख परत जातो. हिवाळ्यात गर्दी नसल्यामुळे सोडत निघत नाही. परवाना मात्र तेव्हाही घ्यावाच लागतो.

परवाना देताना उद्यानाचा रक्षक रानाचे नियम नीट समजावून सांगतो. राहुटी पाण्यापासून आणि वाटेपासून निदान तीस मीटर दूर ठोकावी. कोवळ्या गवतावर न ठोकता, पूर्वी वापरलेल्या उघड्या जमिनीवर ठोकावी. शौचासाठी पाण्यापासून दूर जाऊन वीतभर खोल खड्डा खणावा व तो बुजवावा. साबण ओढ्यात मिसळू देऊ नये. सुमारे २,९०० मीटरांहून उंच जागी शेकोटी पेटवू नये. कारण तेथे झाडे विरळ असतात आणि लाकूड वाढण्यास फार काळ लागतो. जो कचरा आपण नेला, तो आपणच परत आणावा.

या नियमांत एक नियम अस्वलांविषयी आहे, आणि तो सर्वांत कडक आहे. सर्व अन्न, इतकेच नव्हे तर दंतमंजन आणि साबणसुद्धा, एका विशिष्ट टणक डब्यात बंद ठेवावे लागते. हा डबा अस्वलाला उघडता येत नाही आणि फोडताही येत नाही. पूर्वी प्रवासी शिध्याची पिशवी दोरीने उंच फांदीला टांगून ठेवीत. परंतु अस्वलांनी दोरी तोडण्याची विद्या लवकरच आत्मसात केली. पुढे ती मोटारींची दारेही वाकवू लागली. १९९८ साली अशा उपद्रवाच्या दीड हजारांहून अधिक घटना नोंदविल्या गेल्या. तुम्हांला वाटेल, यात नुकसान माणसाचे झाले. खरे नुकसान अस्वलाचे होते. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली, की ते रानातील कंदमुळे व किडे शोधण्याचे सोडून माणसांच्या मागे लागते, दिवसेंदिवस धीट होते, आणि शेवटी माणसाच्या जिवाला धोका नको म्हणून त्याला ठार करावे लागते. कुणा एकाच्या निष्काळजीपणाची शिक्षा अशी एका मुक्या प्राण्याला भोगावी लागते. पेट्या आणि डबे यांचा नियम कसोशीने पाळला जाऊ लागल्यापासून या घटना पुष्कळच कमी झाल्या आहेत.

कॅलिफोर्नियाच्या ध्वजावर अस्वलाचे चित्र आहे. ते ग्रिझली नावाच्या मोठ्या अस्वलाचे आहे. एके काळी त्या राज्यात ग्रिझली अस्वले पुष्कळ होती. परंतु माणसाने त्यांची इतकी शिकार केली, की १९२० नंतरच्या दशकात त्या राज्यातून ती नाहीशी झाली. आज ते अस्वल तेथे केवळ ध्वजावर उरले आहे. योसेमिटीत आता राहतात ती काळ्या अस्वलांच्या जातीची. त्यांच्यावरही तीच पाळी येऊ नये, म्हणून हा डबा.

मुलांनो, येथे तुमच्यापैकी एखादा विचारील, "रान जर सर्वांचे आहे, तर मला आत जाण्यास मनाई करणारा अधिकारी कोण?" हा प्रश्न योग्यच आहे, आणि तो टाळून चालणार नाही. जागा थोड्या आणि मागणारे फार, असा प्रसंग आला म्हणजे वाटणीच्या तीनच रीती संभवतात. पहिली रीत पैशाची. परवान्याची किंमत भरमसाट वाढविली, तर गर्दी आपोआप ओसरेल. परंतु मग रान श्रीमंतांचे होईल. दुसरी रीत रांगेची. जो आधी येईल त्याला आधी मिळेल. ही न्याय्य दिसते खरी. पण दूर राहणाऱ्याने किंवा ज्याला कामावरून सुटी मिळत नाही त्याने रांगेत केव्हा उभे राहावे? तिसरी रीत सोडतीची. सोडतीला कोणाची तोंडओळख नसते. तीत राव आणि रंक सारखेच. परंतु नशिबाने पाठ फिरविली, तर वर्षानुवर्षे अर्ज करूनही हाती काही न लागण्याचा संभव असतोच. योसेमिटीच्या अधिकाऱ्यांनी शुल्क थोडे ठेवून दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीची सांगड घातली आहे. ही व्यवस्था सर्वथा निर्दोष आहे, असे कोणी म्हणणार नाही. मात्र तिच्यात पैशाला किंवा ओळखीला पहिले स्थान नाही, हे तिचे मोठे भूषण आहे.

शिवाय ज्याला परवाना मिळाला नाही, त्याला रानाची वाट अगदीच बंद होत नाही. दिवसा जाऊन दिवसाच परतणाऱ्यास बहुतेक सर्व पायवाटा परवान्याशिवाय मोकळ्या आहेत. याला मोठा अपवाद आहे तो हाफ डोम या शिखराचा. अर्ध्या कापलेल्या घुमटासारखे दिसणारे हे शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटर उंच आहे. त्याच्या शेवटच्या गुळगुळीत चढणीवर १९१९ साली पोलादी दोरांचा कठडा बसविण्यात आला. पुढे सुटीच्या दिवशी तेथे इतकी झुंबड उडू लागली, की चढणारे आणि उतरणारे त्या अरुंद दोरांमध्ये तासन्‌तास खोळंबून राहत. अशा वेळी आभाळ भरून आले आणि वीज कडाडली, तर पोलादी दोर धरून उभ्या असलेल्या माणसाने जावे कोठे? म्हणून २०१० सालापासून तेथेही परवाने सुरू झाले, आणि आता दिवसाला सुमारे ३०० माणसांनाच वर सोडले जाते. त्यांतील बहुतेकांची निवड सोडतीनेच होते. येथे परवाना रानाचे तर रक्षण करतोच, पण माणसाचेही करतो.

परवान्याचा तो कागद दिसावयास लहानसाच असतो. त्यावर एक नाव, काही तारखा आणि एका पायवाटेचा उल्लेख, एवढेच असते. परंतु तो हाती घेऊन चालू लागलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सरोवराच्या काठी पहाट होताना गर्दीचा गलबला ऐकू येत नाही. पाण्यावरून वाहणारा वारा आणि पाखरांची किलबिल त्याला स्पष्ट ऐकू येते. त्या दिवशी ज्यांना परवाना मिळाला नाही, अशा अनेकांनी आपली पाळी पुढे ढकलली, म्हणून त्याला ही शांतता लाभलेली असते. पुढच्या वर्षी कदाचित तो घरी राहील आणि दुसरा कोणी त्या काठावर बसेल. तोपर्यंत काठावरील गवत हिरवे ठेवणे एवढेच त्याच्या हाती असते.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) योसेमिटीची भूमी मुळात निर्मनुष्य नव्हती, असे लेखकाने का म्हटले आहे?
(आ) कड्यावरून निखारे लोटण्याची प्रथा बंद का करावी लागली?
(इ) माणसांची मोजणी पायवाटेच्या तोंडाशी करण्यात कोणते लाभ आहेत?

२. कारणे द्या.
(अ) फार उंच जागी शेकोटी पेटविण्यास मनाई आहे.
(आ) माणसाच्या अन्नाची चटक लागल्याने खरे नुकसान अस्वलाचे होते.

३. एका पायवाटेचा दिवसाचा आकडा ४० आहे. सोडतीने किती जागा वाटल्या जातील आणि ७ दिवस आधी किती खुल्या होतील, ते काढा.

४. पैसा, रांग आणि सोडत या वाटणीच्या तीन रीतींपैकी तुम्हांला कोणती अधिक न्याय्य वाटते? कारणांसह आपले मत दहा ओळींत लिहा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : रीघ लागणे, विन्मुख परतणे, झुंबड उडणे, सांगड घालणे, आत्मसात करणे.

६. 'दारात थोडे बंधन आणि आत पुष्कळसे स्वातंत्र्य' या वाक्यातील विरुद्धार्थी शब्दांची जोडी शोधा, व पाठातून अशी आणखी एक जोडी शोधून लिहा.